माझी रोजची शाई

नुसती रॉयल ब्लू मला रोजच्या लिहिण्याला फार उजळ वाटते आणि काळी फार करडी. मला हवा असतो पावसाळ्यात दूरच्या डोंगररांगा दिसतात तसा धुरकट निळा. तो विकत मिळण्याची वाट का पाहायची? शाई बनवणाऱ्या दांडेकर बंधूंनीही १९३१ साली मुंबईत धंद्याची सुरुवात केली ती शाईची पूड आणि गोळ्यांपासून. पाण्यात विरघळवून लोक शाई घरीच तर करत.

दहा मिली निळीत काळीचे चार-पाच थेंब आणि तपकिरीचा एखादा. काळी बिनसुईच्या सिरिंजने थेंबाथेंबानेच घालावी. जरा जास्त झाली की निळ्याला गिळूनच टाकते. शक्यतो एकाच कंपनीच्या साध्या, रंगद्रव्य पूर्ण विरघळलेल्या शाया घ्याव्यात. लोहयुक्त शाई आम्लधर्मी असते. ती भलत्या शाईत मिसळली तर साका धरू शकतो आणि निबखालची बारीक खाच तुंबते. म्हणून मिश्रण पारदर्शक बाटलीत निदान दिवसभर ठेवून तळ पाहायचा, मगच पेनात भरायचं.

ओली रेघ फसवते, वाळल्यावर फिकी पडते. पण वाळलेल्या ओळीत, अक्षराच्या वळणावर शाई साचून गडद होते, ते पाहण्यासाठी मी उगाचच लांब पत्रं लिहितो. प्रमाण वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवलंय. पुढची बाटली याच रंगाची हवी.