कणकेची बाहुली

'तुंबाड' पाहून आलो आणि दुसऱ्या दिवशी परातीतली कणीक काही केल्या नुसती कणीक दिसेना. लहानपणी पोळ्या लाटताना आजी मला गप्प बसवायला लिंबाएवढा गोळा द्यायची. मी त्याची चिमणी करायचो, मिऱ्यांचे डोळे लावायचो. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या या चित्रपटात तोच गोळा बाहुली होऊन विहिरीत उतरतो, आमिष म्हणून.

हस्तर हा शापित देव. लंगोट सोन्याच्या मुद्रांनी भरलेला, पण धान्याचा कण मिळायचा नाही. पिठाचा वास आला की तो बाहुलीवर तुटून पडतो आणि तेवढ्यात चित्रपटाचा नायक विनायक लंगोटाला हिसके देऊन सांडतील तेवढ्या मुद्रा गोळा करतो. समोर कुणी जन्माचा उपाशी आहे, हे त्याला कधी दिसतच नाही. दिसतो तो लंगोट.

ही नजर त्याची लहानपणापासूनचीच. १९१८ साल, न थांबणारा पाऊस, घरात साखळदंडांनी बांधलेली म्हातारी. (पात्रं हिंदी बोलतात, पण तो पाऊस आणि ती घरातली ओल अस्सल आपली.) आईच्या लेखी म्हातारी म्हणजे जोखीम: वेळेवर खायला घाला, झोपवा. आईला हवी एकच मुद्रा, ती मिळताच ती पोराला घेऊन पुण्याला निघते, परत न येण्याची शपथ घालते. पोराला मात्र म्हातारीत खजिन्याची किल्ली दिसलेली असते. मोठा होऊन तो गावी परततो तेव्हा तिच्या अंगातून झाड उगवलेलं असतं. तरी त्याचा प्रश्न खजिन्याचाच.

ती म्हातारी आणि विनायकाचा मुलगा पांडुरंग, दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच मुलाने केल्या आहेत. हे कळलं आणि मी चित्रपट पुन्हा पाहिला. पांडुरंग बापाचीच नजर घेऊन वाढतो. अख्खा लंगोटच आणू, बाहुल्या जास्त नेऊ, हे त्याचंच डोकं. पण जितक्या बाहुल्या, तितके हस्तर. पोराने मुद्रा मोजल्या, भूक मोजायची राहिली.

शेवटी हस्तरांच्या हल्ल्यात विद्रूप झालेला बाप त्याच्यापुढे लंगोट धरतो आणि पोरगा तो घेत नाही. भीती असेलही. मला वाटतं, त्या क्षणी त्याला सोन्यामागचा बाप पहिल्यांदा दिसला.

त्या सकाळी शेवटचा गोळा हातात राहिला. चिमणी करायला घेतली. चोच काढता काढता तिला हात फुटायला लागले, म्हणून मोडून पोळी लाटून टाकली.