डॉलर कुठी ठेवशीन?

बरेच दिवसांनी लिहितोय. नातेवाईक मंडळी इथे डोकावतात हे ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो, भाच्याला विचारूनच लिहितोय.

तर झालं असं. दिवाळीत भाचा हिंगणघाटला आला आणि जेवताना म्हणाला, "मामा, मी नोकरी सोडतोय. करन्सी ट्रेडिंग करणार. महिन्याला चाळीस हजार निघाले की झालं."

सगळे गप्प. आईने भाकरी मोडता मोडता विचारलं, "कापूस त घरात ठेवता येते. थो डॉलर कुठी ठेवशीन रे?"

सगळे हसले. मला काही हसू आलं नाही, कारण मी हे करून बसलोय. आजवर फक्त बायकोला माहीत होतं... आता सगळ्यांना कळेल. असो.

२९ ऑगस्ट २००८ ला एनएसईवर डॉलर-रुपयाचे वायदे सुरू झाले. एक लॉट १००० डॉलरचा, म्हणजे भाव १० पैशांनी हलला की लॉटमागे १०० रुपये. मी वर्षभराने शिरलो. कधी थोडं मिळे, कधी जाई. नोकरी होती म्हणून जाणवलं नाही. मग आलं २०१३. मे महिन्यात पंचावन्नच्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८.८० वर बंद झाला. आता सत्तरी नक्की, असं म्हणून मी त्याच दिवशी २० लॉट घेतले. संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की सरकारी तेल कंपन्यांना डॉलर आपणच देऊ. दुसऱ्या दिवशी डॉलर साडेसहासष्टवर. मार्जिन भरायला पैसे नव्हते, विकावं लागलं. चाळीस हजारांच्या वर गेले.

गंमत म्हणजे माझा अंदाज खरा ठरला. डॉलर सत्तरीपार गेला, पण २०१८ साली! पाच वर्षं घरखर्च कोण थांबवणार?

भाच्याचा हिशेब मी वहीत मांडून बघितला. महिन्याला वीस दिवस बाजार धरला, तर रोज २००० हवेत. म्हणजे २० लॉटवर रोज १० पैसे, तेही खर्च वजा जाता. २०२३ च्या शेवटी डॉलर महिनोन्‌महिने ८३ च्या आसपासच घुटमळत होता. अशा महिन्यात काय करणार? पंचवीस तारीख उलटली की माणूस दुप्पट लॉट घेतो, कारण किराणावाला बाजार हलला का ते विचारत नाही. नफा झाला तरी पैसे काढायचे, तोटा झाला तरी काढायचेच. भांडवल असं आटत जातं. अंदाज चुकला म्हणून नव्हे, वाट बघता आली नाही म्हणून माणूस बुडतो असं मला वाटतं.

हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. ज्याला दिवाळीला पैसा हवा तो सीतादही झाली की मिळेल त्या भावाला कापूस काढतो. ज्याच्या घरात दुसरा पैसा येतो तो कापूस खोलीत भरून ठेवतो. भाव दरवेळी चढतोच असं नाही, पण थांबायचं की विकायचं हे त्याच्या हातात असतं. आईचा प्रश्न मला तिथे कळला.

भाचा म्हणाला, "तुमच्या वेळची गोष्ट वेगळी, मामा." वेगळी आहेच. ३ मे २०२४ पासून एक्स्चेंजवर असा सौदा करायला खरा परकीय चलनाचा व्यवहार पाठीशी लागतो, असं रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं. आयात नाही, निर्यात नाही, त्या माझ्यासारख्यांचं दार बंद. एका परिपत्रकाने! मग हा ट्रेडिंग करणार कुठे? तर परदेशी ॲपवर, युरो-डॉलरमध्ये, पाचशेपट उधारीवर. आपल्याकडे ते फेमा कायद्यात बसत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा ३४ नावांची यादीच काढली होती.

सेबीचा २०२४ चा अभ्यासही दाखवला. शेअरच्या वायद्यांत तीन वर्षांत ९३ टक्के लोक तोट्यात. "बाकीचे सात आहेत ना!" म्हणाला. या वयात मीही हेच म्हणालो असतो.

राजीनामा अजून दिलेला नाही. येत्या रविवारी माझी २०१३ ची वही बघायला येतोय. आतल्या खोलीत कापूस भरलाय, त्यावरच गादी टाकावी लागेल. रात्रभर खाजवेल बिचारा.