नंबर म्हणजे नंबर

नागझिऱ्यात आम्हा गाईडचं पोट फेरीवर चालतं. फेरी मिळाली तर पैसे, नाही तर दिवस रिकामा. पावसाळ्यात जंगल बंद, म्हणजे कमाईचे महिने मोजकेच. त्यातही खरी गर्दी शनिवार-रविवारची.

फेरी नंबरानं द्यायची, हे आपल्या संघटनेतच ठरलं ना? मग सुट्टीच्या दिवशी नंबर ठरावीक लोकांचाच कसा लागतो? विचारलं तर उत्तर, "ॲडजस्ट करा ना भाऊ."

आपल्या राज्याचा १९७१ चा कायदा सांगतो, मालकानं कामगारांत पक्षपात केला तर ती अनुचित प्रथा. इथं तर नंबर लावणारे आपलेच, म्हणून जास्त जिव्हारी लागतं.

कोणाचं नाव घेत नाही. मागणी एकच: नंबरची यादी रोज गेटवर लावा. कोण गेलं, कोण राहिलं, सगळ्यांना दिसू द्या. वर्गणी सारखी, तर नंबरही सारखा.