बडोदे ते इंदूर, भर वैशाखात

बडोद्याच्या मराठी माणसाला इंदूर कधी परके वाटले नाही. एका टोकाला गायकवाडांची राजधानी, दुसऱ्या टोकाला होळकरांची आणि वाटेत धारला पवारांची गादी. या साडेतीनशे किलोमीटरांवरून लेकी-सुना, लग्नपत्रिका आणि लोणच्याच्या बरण्या पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करीत आल्या आहेत. हालोल येण्याआधीच पावागड दिसू लागतो. गोध्रा मागे पडले की झाडी विरळ होते आणि पुढे दाहोद लागते. गुजरात व माळवा या दोन हद्दींचे गाव म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. १६१८ साली औरंगजेबाचा जन्म येथे झाला, एवढे इतिहासाच्या पुस्तकात असते. पण १९२६ पासून येथे रेल्वेचा मोठा कारखाना आहे आणि नादुरुस्त इंजिने दुरुस्त करण्यात या गावाच्या पिढ्या गेल्या, हे मुलांना कोणी सांगत नाही.

दाहोदनंतर झाबुव्याचा भिल्ल मुलूख. गाव म्हणून एकत्र वस्ती नाहीच. प्रत्येक घर आपापल्या टेकाडावर, आपल्या शेताकडे तोंड करून बसलेले. मधूनमधून ताडाची उंच झाडे. बडोदे समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर उंचीवर, तर इंदूर ५५० मीटरच्या आसपास. ही चढण प्रवाशाला खऱ्या अर्थाने जाणवते ती माछलिया घाटात. वैशाखात तेथे सागाला पान नसते आणि सावली म्हणून जी काही असते ती फक्त पुढच्या ट्रकची.

गेल्या वैशाखात आम्ही या वाटेने निघालो ते आमचे शेजारी वकीलसाहेब यांच्या मोटारीतून. १९९५ पासून पुण्यात जुळणी होऊ लागलेल्या मर्सिडीजपैकी ही १९९६ ची. समोरच्या काचेला एकच वायपर, दार लावताना तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. वकीलसाहेबांच्या वडिलांनी ती हौसेने घेतली होती. वडील गेले, मोटार राहिली. सोबत वकीलसाहेबांच्या मातोश्री माई, वय वर्षे ८४. धाकट्या भावाच्या सहस्रचंद्रदर्शनाला त्यांना इंदूरला जायचेच होते. गुडघ्यांमुळे रेल्वेच्या डब्याच्या पायऱ्या चढवत नाहीत आणि हृदय अशक्त, म्हणून मोटार गार असेल तरच जा, अशी डॉक्टरांची अट होती.

आणि नेमके घाटातच वातानुकूलन बंद पडले. आधी खरखर, मग एक करकरीत आवाज, मग झरोक्यांतून भट्टीसारखी हवा. राजगढला एका रस्त्याकडेच्या मिस्त्रीने पाहून सांगितले, कॉम्प्रेसरला थेट वायर जोडून देतो, चालेल. वकीलसाहेबांनी नकार दिला. ओले पंचे माईंच्या मानेवर ठेवीत, झाडाखाली थांबत थांबत आम्ही रात्री इंदूरला पोहोचलो. माळव्याची रात्र शीतल म्हणून नावाजलेली आहे. त्या दिवशी ती उगाच नावाजली नाही, एवढे कळले. माईंनी पाणी पिऊन पहिला प्रश्न केला तो परतीचा. सहा दिवसांनी यजमानांची तिथी होती आणि आजवर ती कधी त्यांच्याविना झालेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहराच्या टोकाला असलेल्या गॅरेजांच्या गल्लीत गेलो. पत्र्याच्या छपराखाली साठीचे एक उस्ताद बसले होते. त्यांनी आधी विचारले, गॅस कोणता? जुन्या मोटारींत आर-१२ असे; ओझोनच्या थराला तो घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो मागे पडला आणि आर-१३४ए आला. या मोटारीत नवाच होता. मग दोन घड्याळांचे गेज लावून त्यांनी पाहिले, नळी सोडली आणि तिच्या तोंडावर बोट फिरवून ते आमच्यापुढे धरले. काळपट तेल आणि त्यात चांदीच्या वर्खासारखी चमक.

"मास्साब, ये कंप्रेसर का चूरा है. पूरी लाइन में घूम गया."

हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, पुढचा कंडेन्सर ती उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करतो, आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटलेला द्रव कूलिंग कॉइलमध्ये उकळताना आतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. पण या फेऱ्यात गॅस एकटा फिरत नाही. तिरक्या तबकडीवर मागेपुढे होणारे दट्टे ओले ठेवणारे तेलही त्याच्याबरोबर फिरते. गळतीतून गॅस जातो तेव्हा तेलही जाते. बडोद्यातील एका गॅरेजाने तीन उन्हाळे गळती न शोधता नुसता गॅस भरून दिला होता. गार हवा येत राहिली, आणि आत दट्टे कोरडे पडत गेले. घाटात मोटार हळू, वारा कमी, दाब वाढलेला. तेथे ते अडकले.

राजगढच्या त्या थेट वायरीविषयी विचारताच उस्ताद हसले. या मोटारीत एक छोटे रिले इंजिनाचा आणि कॉम्प्रेसरचा वेग ताडून पाहते. कॉम्प्रेसर अडला की त्याचा क्लच सोडून देते. कारण त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो. रिले टाळून वायर जोडली असती तर पट्टा जळून पंप थांबला असता आणि घाटातच इंजिन उकळले असते.

शेजारचा दुकानदार त्याच संध्याकाळी जुना कॉम्प्रेसर बसवून द्यायला तयार होता. माईंची तिथी पाहता मोह मोठा होता. उस्तादांनी मान हलवली. नळ्यांतला चुरा तसाच राहिला तर नवा कॉम्प्रेसरही तो गिळेल आणि पंधरा दिवसांत बसेल. त्यांनी चार दिवस मागितले. वकीलसाहेबांनी माईंना विचारले, आणि त्या म्हणाल्या, "चार तर चार. पण पुन्हा तो पंचा नको."

आमच्या बडोद्याला १८९० साली सयाजीरावांच्या आश्रयाने कलाभवन निघाले, त्याचा आम्हांला अभिमान. या उस्तादांनी कोणतेही भवन पाहिलेले नाही. पण काम त्यांनी पाठ्यक्रमासारखे ओळीने केले. मुंबईहून नवा कॉम्प्रेसर मागवला. तो येईपर्यंत कंडेन्सर व कूलिंग कॉइल द्रावणाने पुन्हा पुन्हा धुऊन नायट्रोजनने फुंकल्या; पांढऱ्या फडक्यावर डाग उमटेनासा झाला तेव्हा थांबले. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, ड्रायर आणि सगळ्या ओ-रिंगा नव्या. जुनी गळती एका सांध्यावर साबणाच्या फेसाने सापडली. ती रिंग चार आण्याच्या नाण्याएवढीही नव्हती. मग तासभर व्हॅक्यूम, कारण आत उरलेले पाणी इतक्या कमी दाबाला उकळून निघून जाते; न गेले तर ते तेलात मिसळून आतला धातू खाते. शेवटी मोजून तेल आणि सुमारे एक किलो गॅस.

पाचव्या दिवशी भर दुपारी दोन वाजता उस्ताद स्वतः मोटारीत बसले आणि महूच्या पुढे मानपूरचा घाट उतरून पुन्हा चढायला लावला. झरोक्यात खोचलेला थर्मामीटर चढावरही ९ अंशांवर राहिला. त्यांनी तो काढून खिशात ठेवला, आणि बिलापेक्षा पन्नास रुपये जास्त घ्यायला साफ नकार दिला.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. माछलिया घाट गेला, झाबुवा गेले. दाहोदच्या अलीकडे ताडाखाली एक मुलगी ताडगोळे घेऊन बसली होती. माईंनी मोटार थांबवायला लावली, काच पूर्ण खाली केली आणि डझनाच्या भावावर निवांत घासाघीस सुरू केली.

"माई, गार हवा सगळी बाहेर चालली," वकीलसाहेब म्हणाले.

"जाऊ दे रे. तिलाही बिचारीला जरा लागेल," म्हणून त्यांनी आणखी एक डझन मोजून घेतले.