सुतळी

३० ऑगस्ट २०२५, शनिवार

काल पहाटे गुंड्या गेला. परसात सीताफळाखाली आप्पांनी खड्डा खणला. वर हातभर काळी माती, खाली मुरूम. पाऊस झालेला, तरी मुरूम दाद देईना. पहार मी घेते म्हटलं तर त्यांनी मान वर केली नाही. चौतीस वर्षं एस.टी. चालवलेला माणूस, आता सत्तरी ओलांडलेली. मधेच पहारीवर हनुवटी टेकून उभे राहायचे, की पुन्हा सुरू. खड्डा कमरेइतका झाला तेव्हाच थांबले. आईनं तिचं जुनं लुगडं दिलं आणि पाच किलो खडे मीठ आणायला मला पिटाळलं. मीठ कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "बैलालाही घालतात." आमच्या घरात याबाबतीत तेवढंच शास्त्र ठाऊक.

कचेरीत कालच्या रजेचा अर्ज आज मोबाइलवरून पाठवला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या. सकाळी आईला भीतभीत विचारलं, "यंदा करायचं ना सगळं?"

"न करायला काय झालं? कुत्र्याचं सुतक नसतं," म्हणाली आणि डबे काढायला आत निघून गेली.

तुळशीपासून देवघरापर्यंत मी रांगोळीची पावलं काढली. दरवर्षी माझी पाठ वळली की गुंड्या त्यांच्यावरून चालत जायचा. लक्ष्मीच्या पावलांत याची चार पावलं, वर शेपटीचा एक फराटा. "मेल्या, लक्ष्मी पुसलीस," हे आईचं ठरलेलं वाक्य. आज पावलं दुपारी तशीच, संध्याकाळी तशीच. मुखवटे बसवून, आरती आटोपून आई बाहेर आली, थोडा वेळ बघत राहिली आणि फडकं घेऊन तिनं ती स्वतःच पुसून टाकली. एरवी दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला हात लावू देत नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

पुरणपोळीचा दिवस. संध्याकाळी हळदीकुंकवाला पंचवीसेक बायका आल्या आणि प्रत्येक जण फाटकाशी अडली. "अगं, सोड की ती सुतळी!"

ही सुतळी अकरा वर्षांची. म्हणजे सुतळ्या बदलत गेल्या, गाठ तीच. २०१४ मध्ये गुंड्याला नाकानं कडी उचलता येऊ लागली. पहिल्याच स्वारीत तो थेट पोवई नाक्याच्या रस्त्याला लागला आणि एका मोटारसायकलनं त्याचा मागचा पाय मोडला. तेव्हापासून कडीला सुतळी. दूधवाला, पोस्टमन, गॅसवाला, सगळे सोडतात आणि आत आले की न सांगता बांधतात. भावकीत तर आमचं नाव 'सुतळीवाले' पडलंय.

एका बाईंनी विचारलं, "कुत्रं दिसत नाही?" आई म्हणाली, "वय झालं होतं." त्या म्हणाल्या, "सुटलं बिचारं." आईनं त्यांच्या ओटीत तांदूळ घातले. बोलणं तिथंच संपलं.

३ सप्टेंबर, बुधवार

पुण्याहून दादाचा व्हिडिओ कॉल. एरवी त्याचं पहिलं वाक्य "गुंड्याला दाखव." मग पुतण्या तिकडून शीळ घालणार, गुंड्या फोनच्या मागे जाऊन माणूस शोधणार. आज फोन लागला आणि दोन्हीकडं सगळे नुसते एकमेकांकडं पाहत राहिलो. शेवटी दादानं विचारलं, "पाऊस आहे का तिकडं?"

६ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी

संध्याकाळपासून ढोल आणि भिंतीला हादरे देणारे स्पीकर. आपल्याला ऐकू येण्याआधी गुंड्याला कळायचं. जेवता जेवता ताटलीवरून मान उचलायचा आणि दिवाणाखाली. मग आप्पा दिवाणाला टेकून जमिनीवर बसायचे, एक हात आत. मिरवणूक संपेपर्यंत हात बाहेर यायचा नाही. मुंग्या आल्या तर नुसते पाय हलवायचे.

आज आप्पा तिथंच, जमिनीवर बसले. हात मांडीवर.

"वर बसा की, गुडघे दुखतील," मी म्हटलं.

"इथं आवाज कमी येतो," म्हणाले.

१० सप्टेंबर, बुधवार

औषधांचा डबा आवरला. सलाइनच्या चार बाटल्या उरल्यात. दीड महिना रोज रात्री पडद्याच्या दांडीला बाटली अडकवायची, मानेमागची कातडी चिमटीत धरून तिथं सुई. पाणी कातडीखाली साचून खांद्यावर उशी तयार व्हायची आणि सकाळपर्यंत जिरायची. तो हलायचा नाही. आप्पांच्या तोंडाकडं बघत राहायचा.

जुलैचा रिपोर्ट सापडला. क्रिएटिनिन ७.२. कुत्र्यात दीडच्या आसपासपर्यंत ठीक मानतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, किडनीचा दोन तृतीयांश भाग निकामी होईपर्यंत वरून फारसं काही दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की जनावर पाणी जास्त पितं आणि लघवीला जास्त जातं. एप्रिलमध्ये गुंड्या दिवसाला दोन पातेली पाणी संपवत होता. मी आईला कौतुकानं म्हटलं होतं, "शहाणा झालाय, उन्हाळ्यात पाणी पितो." हे वाक्य रोज रात्री आठवतं. पातेली मीच भरून देत होते.

डब्याच्या तळाशी पेढ्याच्या खोक्याचं झाकण. गोळी कशातच जायची नाही. भाकरीतून, अंड्यातून बरोबर बाजूला काढून ठेवायचा. कंदी पेढ्यात मात्र गेली. आप्पांना साखर आहे, पेढा वर्ज्य. एक पेढा फोडायचा, अर्ध्यात गोळी. उरलेला अर्धा कुठं जायचा, ते आईला माहीत होतं आणि मलाही. दोघींनी कधी विचारलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आप्पा आपणहून म्हणाले, "माहुलीला जाऊन येऊ." मी चपापले. साताऱ्याची माणसं संगम माहुलीला शेवटची जातात. आजीला तिथंच नेलं होतं. पितृपक्ष चालू आहे, म्हणून असेल असं वाटलं.

कृष्णेला पाणी होतं, वेण्णेचं गढूळपण कडेकडेनं वेगळं दिसत होतं. विश्वेश्वराच्या पायऱ्या न चढता आप्पा खंड्याच्या समाधीपाशी गेले. लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिली होती, नंतर कधी नाही. खंड्या म्हणजे साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांचा कुत्रा. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला, ही गोष्ट साताऱ्यात कुणीही सांगेल. साताऱ्याचा पहिला रेसिडेंट ग्रँट डफ यानं १८२६च्या इतिहासात पुढचंही लिहिलंय: महाराजांनी या कुत्र्याला जहागिरीची सनद आणि पालखीचा मान दिला. एकदा भर दरबारात जरीची वस्त्रं, दागिने घालून त्याला बसवलं आणि आपलं पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवलं. त्यानंतर स्वतः कधी पागोटं घातलं नाही. डफच्या मते तो महाराजांच्या ढळलेल्या मनाचा खेळ होता. असेलही. पण नुसत्या वेडापायी कुणी दगडी समाधी बांधत नाही.

हे सगळं मी आप्पांना सांगत होते. ते ऐकत होते की नाही, कळलं नाही. चौथऱ्यावरची वाळकी पानं हातानं बाजूला करत होते.

"चार पावलं चाललं की मागं वळून बघायचा," ते म्हणाले. "मी येतोय का ते."

गेल्या सोळा दिवसांत गुंड्याबद्दल काढलेला त्यांचा हा पहिला शब्द. परतताना रिक्षात पुन्हा गप्प.

१७ सप्टेंबर, बुधवार

दोन्ही हातांत पिशव्या, वर पाऊस, आणि गाठ पाण्यानं फुगलेली. पाच मिनिटं फाटकाशी झटले. आत आले, विळी आणली आणि सुतळी कापून टाकली. आता तिथं कोण कडी उचलणार आहे? रात्री वाऱ्यानं फाटक दोनदा वाजलं. दोन्ही वेळा आतल्या खोलीत आप्पांची खाट करकरली.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

आईनं पान वाढलं. कावळ्याचं, गाईचं आणि कुत्र्याचं. कुत्र्याचा घास इतकी वर्षं घरातच लागायचा. पणजोबांपासून सगळे पितर गुंड्याच्याच तोंडानं जेवले. वड्यासाठी तर ते ताटकळत बसायचे. आज आई घास हातात घेऊन ओट्याशी उभी राहिली. मग मला म्हणाली, "कोपऱ्यावर असतील ती. दे जाऊन."

मी पत्रावळ घेऊन फाटकाशी आले. कडीला गाठ होती. सुतळी नव्हे, लाल-पांढरा बारीक दोरा, पेढ्याच्या खोक्याला बांधतात तो. आप्पा सकाळी राजवाड्याकडं फेरी मारून आले होते, एकटेच.

परसाकडं नजर टाकली. सीताफळाखालच्या दगडावर अर्धा पेढा होता. मुंग्यांची रांग लागली होती.

मी गाठ सोडली, कोपऱ्यावरच्या दोघांना घास घातला, परत आले आणि बांधली.