मातृभाषा : इंग्रजी

इंग्रजी ही कुणा मुंबईकराची मायबोली असू शकते, हे मानायला आपलं मन अजून कचरतं. शिकलेली, कमावलेली, मिरवलेली इंग्रजी आपल्या ओळखीची आहे. पण पाळण्यातच कानावर पडलेली? २०११च्या जनगणनेत देशातल्या सुमारे २ लाख ६० हजार माणसांनी आपली मातृभाषा इंग्रजी सांगितली, आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातली होती.

त्यांचा विचार करताना मला कवी डॉम मोराइस आठवतात. १९३८ साली मुंबईत जन्म, घराणं मूळचं गोव्याचं, वडील फ्रँक मोराइस पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक. इंग्रजीखेरीज डॉमना दुसरी भाषा नव्हतीच. आईला मनाचा आजार जडला, तो या एकुलत्या मुलाने कोवळ्या वयात पाहिला. तिची माया त्याला इंग्रजीत मिळाली आणि तिचं भयही इंग्रजीतच वाटलं. मला वाटतं, मायबोलीची खरी खूण हीच असावी. व्याकरण शिकता येतं, उच्चार घोटून घेता येतात. पण पहिली भीती ज्या भाषेत अंगावर आली, ती भाषा मागाहून बदलून मिळत नाही.

ऑक्सफर्डात शिकत असतानाच, १९५८ साली, त्यांच्या पहिल्या संग्रहाला हॉथॉर्नडेन पुरस्कार मिळाला. तिकडे ते भारतीय कवी ठरले, इकडे परतल्यावर साहेब. देशभर हिंडून लिहिताना सोबत दुभाष्या लागे, आणि या गोष्टीवरून त्यांना उपरं म्हणणं मला फार कठोर वाटतं. त्यांच्याजवळ जी एकच भाषा होती, तिच्यात त्यांनी जीव ओतला होता.

निसिम इझिकेल यांची गोष्ट जरा निराळी. ते बेने इस्रायल ज्यू, कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या ‘शनिवार तेल्यां’च्या समाजातले, समाजाची बोली मराठी. त्यांना कविता मात्र इंग्रजीत सुचली. तरी वृंदा नाबर यांच्या साथीने त्यांनी इंदिरा संतांची कविता इंग्रजीत नेली. मोराइस आणि इझिकेल दोघेही २००४ साली मुंबईतच गेले.

आज ब्रिटनमध्ये नोकरीला जायचं तर इंग्रजी येत असल्याचा पुरावा लागतो. जमैका, बार्बाडोस, माल्टाच्या नागरिकांना त्यातून सूट आहे. भारतीयाने परीक्षा द्यायची, नाहीतर पदवी दाखवायची. ज्या घरात तीन पिढ्या प्रार्थनासुद्धा इंग्रजीतच झाली, त्या घरातली वांद्र्याची नर्सही याच रांगेत उभी राहते.

आणि आपणही तिची परीक्षा घेतोच. तिने मराठी शिकावी असं मला मनापासून वाटतं. तिच्या शेजाऱ्यांची, तिच्या शहराची भाषा आहे ती. पण शिरगणतीला दारात आलेल्या माणसाला तिने ‘इंग्रजी’ असं सांगितलं, तर त्याने ते तसंच लिहून घ्यावं. ‘हो, पण मूळची कोणती?’ असं पुन्हा विचारू नये.