11 स्टोनची रेघ

इंग्लंडमधल्या ग्रँड नॅशनल या उड्यांच्या शर्यतीत धावणाऱ्या घोड्यांची यादी हाती आली की मी आधी लाल पेन काढायचो. 11 स्टोनपेक्षा जास्त वजन ज्याच्या वाट्याला आलं आहे, त्याच्यावर सरळ काट. ट्रेनर कोण, मागच्या महिन्यात घोड्याने काय केलं, यातलं काहीही वाचायचं नाही. यादी आखडायची आणि डोक्याचा ताप कमी व्हायचा. मी पैसे लावत नाही, वहीत अंदाज लिहितो. त्यामुळे चूक-बरोबरचा हिशेब वर्षानुवर्षं साठत जातो आणि माणूस स्वतःला जाणकार समजू लागतो. ही काट मारणं मी आता सोडलं आहे.

पुण्याच्या रेसकोर्सवर ज्याने चार शनिवार-रविवार काढले आहेत त्याला हँडिकॅप म्हणजे काय ते समजावायला नको. आपल्याकडे रेटिंगप्रमाणे वर्ग पडतात. 20 ते 46 रेटिंगचे घोडे चौथ्या वर्गात, 40 ते 66 चे तिसऱ्यात, आणि त्या-त्या वर्गात चांगल्याला जास्त वजन, कच्च्याला कमी. नॅशनल जिथे होते त्या लिव्हरपूलजवळच्या एनट्रीला तत्त्व हेच, पण पल्ला अजस्र. चार मैल दोन फर्लांगांहून थोडं जास्त अंतर, 30 उड्या, आणि पाठीवर जॉकी, खोगीर आणि वजन भरून काढायला कप्प्यांत सरकवलेले शिशाचे तुकडे. एक स्टोन म्हणजे 14 पौंड. 11 स्टोन म्हणजे आपले जवळजवळ 70 किलो. लांब पल्ल्याच्या उड्यांच्या शर्यतीत ढोबळ हिशेब असा, की एक पौंड म्हणजे घोड्याच्या एका लांबीचा फरक. मग शेवटच्या मैलात 11 स्टोन 8 पौंड काय करत असतील याचा विचार करा, असं मी मित्रांना ऐकवायचो.

आकडेही माझ्या बाजूने होते. 1984 पासून 2004 पर्यंत 11 स्टोनच्या वर वजन घेऊन एकाही घोड्याने नॅशनल जिंकली नाही. 1988 साली ऱ्हाइम अँड रीझन बरोबर 11 स्टोनवर जिंकला, बाकी सगळे खाली. इतक्या वर्षांचा पुरावा असताना आणखी काय हवं?

आणि शंका घेणाऱ्यासाठी माझ्याकडे 1973 चं चित्रीकरण होतं. ऑस्ट्रेलियाहून आलेला क्रिस्प हा प्रचंड घोडा, 12 स्टोन पाठीवर. एनट्रीच्या त्या उंच, स्प्रूसच्या फांद्यांनी भरलेल्या कुंपणांवरून तो असा जातो की जणू ती त्याच्यासाठीच कमी करून ठेवली आहेत. दुसऱ्या फेरीत तो एकटाच दिसतो, मागे मैदान रिकामं. शेवटच्या उडीनंतर 494 यार्डांची सरळ धाव असते. तिथे क्रिस्पचे पाय गळू लागतात. मान खाली जाते, टाप पडायची तिथे पडत नाही. जॉकी रिचर्ड पिटमन चाबूक उचलतो आणि घोडा डावीकडे झुकतो. तो चाबूक उचलायला नको होता, असं पिटमन स्वतःच पुढे सांगत आला. मागून रेड रम येतो, 10 स्टोन 5 पौंडांवर, म्हणजे 23 पौंडांनी हलका, आणि अगदी खांबापाशी पाऊण लांबीने पुढे जातो. वेळ 9 मिनिटं 1.9 सेकंद. हा विक्रम 1990 पर्यंत टिकला. हारलेला क्रिस्पही जुन्या विक्रमापेक्षा वेगाने धावला होता. हे चित्रीकरण पाहून वजनाच्या महत्त्वाबद्दल वाद घालायला कुणी उरत नसे.

वाद घालायला हवा होता. त्याच रेड रमने पुढच्याच वर्षी 12 स्टोन उचलून शर्यत पुन्हा जिंकली, आणि 1977 साली 11 स्टोन 8 पौंडांवर तिसऱ्यांदा. ते मी ‘रेड रमची गोष्ट वेगळी’ या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. असं एक खातं प्रत्येक नियमवाल्याकडे असतंच.

माझं मत हललं ते बॉबीजोमुळे, आणि तेही त्याच्या विजयानंतर पुष्कळ काळाने. 1999 चा हा विजेता माझ्या वहीत ‘10 स्टोन’ अशा नोंदीने बसला होता, नियमाचा भक्कम साक्षीदार म्हणून. एकदा जुने कागद चाळताना लक्षात आलं, की बॉबीजोच्या रेटिंगप्रमाणे त्याला 10 स्टोनच्याही 14 पौंड खाली वजन मिळायला हवं होतं. पण शर्यतीचं किमान वजन 10 स्टोन, त्यामुळे तेवढं उचलावंच लागलं. म्हणजे हँडिकॅपरच्या, वजनं ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हिशेबाने तो त्या मैदानातला सर्वांत जड ओझं घेतलेल्यांपैकी एक होता. आणि जिंकला 10 लांब्यांनी. ज्याला मी वजनाचा पुरावा म्हणून मिरवत होतो तो त्याच्या बरोबर उलट साक्ष देत होता.

मग तो सगळा काळच वेगळा दिसू लागला. त्या दिवसांत वर एक-दोन फार चांगले घोडे असत आणि त्यांच्या खाली मोठी दरी. यादीतले बहुतेक घोडे 11 स्टोनच्या खालीच, कित्येक तर किमान वजनाला चिकटलेले. जिथे धावणारेच बहुतांश खालचे, तिथे जिंकणाराही खालचाच असणार. माझा नियम घोड्यांबद्दल काही सांगतच नव्हता. यादीत गर्दी कुठे आहे एवढंच सांगत होता.

ही गर्दी पुढे सरकवली ती फिल स्मिथ यांनी. ब्रिटिश हँडिकॅपर म्हणून नॅशनलची वजनं त्यांनी 1999 ते 2018 पर्यंत ठरवली. या एका शर्यतीत हँडिकॅपरला रेटिंगच्या पलीकडे जाऊन स्वतःचा निवाडा वापरता येतो. स्मिथ यांनी वरच्या घोड्यांना त्यांच्या हक्कापेक्षा थोडं कमी वजन द्यायला सुरुवात केली, म्हणजे चांगल्या घोड्यांचे मालक नाक मुरडणार नाहीत. परिणाम दिसायला थोडी वर्षं लागली. 2005 मध्ये हेजहंटर 11 स्टोन 1 पौंडावर आला. मी म्हटलं, एक पौंड, त्याला काय मोजायचं. 2010 मध्ये डोन्ट पुश इट 11-5 वर, 2012 मध्ये नेपच्यून कोलाँज 11-6 वर, 2015 मध्ये मेनी क्लाउड्स 11-9 वर. मी काय करत होतो? दर वेळी रेघ थोडी वर सरकवत होतो. रेघ सरकवताना तिचं नाव मात्र ‘नियम’च ठेवलं होतं.

वयाचंही तसंच. 1940 च्या बॉगस्कारनंतर सात वर्षांचा घोडा जिंकलेला नाही, हे वाक्य दर एप्रिलमध्ये कुणीतरी टाकायचंच, बहुधा मीच. 2022 मध्ये सात वर्षांचा नोबल येट्स 50 ला 1 या भावाने आला, हौशी जॉकी सॅम वेली-कोहेन वर. त्याचा मागचा फॉर्म मी नंतर नीट पाहिला आणि हळहळलो. फेब्रुवारीत वेदरबीला टाउटन नोव्हिसेस चेसमध्ये तो अहॉय सेन्योरच्या मागे दुसरा आला होता. आणि तो अहॉय सेन्योर नॅशनलच्या आदल्याच दिवशी, एनट्रीलाच, मिल्डमे ही शर्यत जिंकून गेला होता. शुक्रवारी संध्याकाळी हा दुवा सगळ्यांसमोर उघडा होता. मी तो शोधला नाही, कारण शनिवारच्या यादीत त्या नावावर काट मारून झाली होती.

आता मी वेगळा प्रश्न विचारतो: ज्या रेटिंगवर घोड्याला हे वजन दिलं, त्यानंतर घोडा बदलला आहे का? नॅशनलची वजनं फेब्रुवारीत जाहीर होतात आणि शर्यत एप्रिलमध्ये. मधल्या काळात घोडा कितीही पुढे गेला तरी वजन वाढत नाही. 2023 चा कोरॅक रॅम्बलर यातलं पुस्तकी उदाहरण. वजनं जाहीर झाल्यावर मार्चमध्ये त्याने चेल्टनहॅमला अल्टिमा ही शर्यत जिंकली, त्याचं रेटिंग 10 पौंडांनी वाढलं, पण एनट्रीला उचलायचे जुनेच 10 स्टोन 5 पौंड. तो फेव्हरिट म्हणून निघाला आणि फेव्हरिटसारखाच जिंकला. पुढच्या वर्षी पहिल्याच फेन्सवर त्याने जॉकीला खाली टाकलं, हेही सांगायला हवं. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल मी नवी गुरुकिल्ली विकतो आहे.

2024 मध्ये आय ॲम मॅक्सिमस 11-6 वर जिंकला, 2025 मध्ये निक रॉकेट 11-8 वर. माझ्या जुन्या रेघेच्या दोघेही वर. आणि दोघांनीही वजनं जाहीर झाल्यावर आयर्लंडमधल्या फेअरीहाउसला एकच शर्यत जिंकली होती. तिचं नाव बॉबीजो चेस. मला ते वाचून हसू आलं.

रेसकार्डावरच्या अक्षरांकडेही मी आता वेगळ्या नजरेने बघतो. फॉर्मच्या आकड्यांमध्ये ‘पी’ दिसला की पूर्वी घोडा बाद. ‘पी’ म्हणजे जॉकीने मध्येच थांबवला. पण तो कुठे थांबवला? जानेवारीच्या दलदलीत, जिंकण्याची आशा संपल्यावर, घोड्याला जपण्यासाठी थांबवला असेल तर ती एका शहाण्या जॉकीची नोंद आहे. ‘यू’ म्हणजे जॉकी पडला, ‘एफ’ म्हणजे घोडाच पडला. या दोन अक्षरांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, आणि कधीकधी शून्य. शर्यत शोधून पाहावी लागते. बघण्याची आणखी एक जागा म्हणजे हर्डल्सच्या, बुटक्या अडथळ्यांच्या, शर्यती. हर्डल आणि चेस (नॅशनलसारख्या उंच फेन्सच्या शर्यती) यांची रेटिंग्ज वेगळी. नॅशनल डोळ्यांसमोर ठेवणारा ट्रेनर घोड्याला हिवाळ्यात हर्डलवर पळवून तयार करू शकतो, चेसच्या रेटिंगला धक्का न लावता. टायगर रोल 2019 च्या फेब्रुवारीत नावानला हर्डलच जिंकला आणि एप्रिलमध्ये 11-5 घेऊन दुसऱ्यांदा नॅशनल. 2021 मध्ये त्याला दिलेलं वजन मालकांना पटलं नाही आणि त्यांनी नाव मागे घेतलं. हँडिकॅपर आणि मालक यांच्यातलं हे शीतयुद्ध मला आता शर्यतीइतकंच रंजक वाटतं.

एक रुखरुख आहे. यादी आता वाचता येते, कारण शर्यत वाचता येण्यासारखी केली गेली. 2013 मध्ये फेन्सच्या पोटातले लाकडी खांब गेले. 2023 ला पहिल्याच उडीवर हिल सिक्स्टीन दगावला, त्यानंतर 2024 पासून घोडे 40 वरून 34 वर आणले आणि किमान रेटिंग 130 केलं. त्या वर्षी एकही घोडा पडला नाही. फक्त चार जॉकी खोगिरावरून गेले. घोड्यांच्या जिवाच्या दृष्टीने हे योग्यच, त्यात मला किंतु नाही. पण 1967 च्या फॉइनेव्हनसारखा, पुढच्या सगळ्यांची टक्कर होऊन वाट मोकळी मिळालेला 100 ला 1 चा घोडा आता जवळजवळ अशक्य. 2025 ला पहिले तिन्ही घोडे ट्रेनर विली मलिन्स यांच्या एकाच तबेल्यातले होते. अभ्यासाला जागा वाढली, पण तो अभ्यास हळूहळू ‘मलिन्स यांच्या मनात कोणता घोडा आहे’ एवढ्यावर येऊन ठेपतो की काय, अशी शंका येते. माझे एक मित्र, निवृत्त बँक अधिकारी, तर म्हणतात, “तुमचा अभ्यास वाढला आणि शर्यतीतली गंमत गेली.” त्यांना मी पूर्ण खोडून काढू शकत नाही.

एक काट मात्र अजून मारतो: 13 किंवा त्याहून जास्त वयाचा घोडा. 1923 च्या सार्जंट मर्फीनंतर त्या वयाचा विजेता नाही. मित्र विचारतात, “सात वर्षांवाल्याबद्दल हेच म्हणत होतात ना?” म्हणत होतो. पण सात वर्षांचा घोडा का जिंकत नाही याचं उत्तर माझ्याकडे कधीच धड नव्हतं. तेराव्या वर्षी पाय काय म्हणतात ते कोणत्याही तबेल्यातला मोतद्दार सांगेल. 2024 पासून शर्यत ब्रिटनमध्ये दुपारी चारला सुटते, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठला. मित्र त्या वेळी हटकून माझ्याकडेच जेवायला येतात, आणि यादीत कुणी तेरा वर्षांचा असेल तर मुद्दाम त्याच्याच नावावर शंभर रुपयांची पैज मागतात.